कोपर वाकतं तेव्हा
लेखांक सहावा

ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की पडद्याच्या मधोमध एक करडा घन, बाजूला एक दिवा आणि एक कॅमेरा एवढंच दिसतं. त्या घनापासून मानवाकृती कशी घडवायची ते गेल्या दोन लेखांकांत पाहिलं. डिजिटल माती ओढणारे, थर चढवणारे, गुळगुळीत करणारे ब्रश वापरून आता एक स्त्री-आकृती उभी राहिली आहे. हात अंगापासून थोडे लांब, तळवे मांड्यांकडे, नजर समोर. चित्रकला किंवा शिल्पकला शिकून आलेल्या माणसाला इथवरची वाट फारशी परकी वाटत नाही. प्रमाणं त्याला पाठ असतात. गळपट्टीचं हाड कुठे दिसतं आणि कुठे बुजतं, गुडघ्याची वाटी किती वर धरायची, हे हाताला सवयीनं येतं.

मग तो त्या आकृतीचा हात वर उचलतो, आणि खांदा पिचकतो. कोपर वाकवतो, तर आतल्या घडीत दंडाची कातडी कोपरापुढच्या हाताच्या कातडीत घुसते. मनगट फिरवतो, तर पुढचा हात वाटेतच चिमटून बारीक होतो. उभी असताना जिवंत वाटणारी आकृती हलताक्षणी मोडते. या टप्प्यावर भले भले चित्रकार ‘हे आपल्याला जमायचं नाही’ म्हणून सॉफ्टवेअर बंद करतात. हे फार वाईट होतं, कारण इथून पुढे जे लागतं त्यातलं बरंचसं त्यांच्याकडे आधीपासूनच असतं.

कागदावर वाकलेला हात काढताना आकार, आतलं हाड, स्नायूचा फुगवटा, हाताचं वजन आणि पुढच्या क्षणी तो कुठे जाणार याचा अंदाज, सगळं एकाच रेषेत उतरतं. संगणकाला ही जाण अशी एकजीव देता येत नाही. त्याला आकार वेगळा सांगावा लागतो, हाड वेगळं, हाडाचं कातडीशी नातं वेगळं आणि हालचाल वेगळी. चित्रकाराचा गोंधळ उडतो तो या वाटणीमुळे. तिचा उगम शोधत गेलं की १९७२ सालच्या एका डाव्या हातापाशी पोचता येतं.

तो हात एड कॅटमल यांचा. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात ते तेव्हा संगणकशास्त्राचे विद्यार्थी होते. लहानपणी त्यांना डिस्नेत अॅनिमेटर व्हायचं होतं. आपली चित्रकला तेवढी चांगली नाही असं वाटून ते भौतिकशास्त्राकडे आणि संगणकाकडे वळले. त्यांनी स्वतःच्या हाताचा साचा घेऊन प्लास्टरची प्रतिकृती काढली, तिच्यावर सुमारे ३५० त्रिकोण आणि बहुकोन आखले, आणि त्यांच्या कोपऱ्यांची स्थानं मोजून ते आकडे संगणकात भरले. फ्रेड पार्क या सहाध्यायाबरोबर केलेल्या त्या चित्रफितीत बोटं मिटतात, उघडतात, आणि शेवटी कॅमेरा हाताच्या पोकळीत शिरतो. आत काही नसतं, नुसतं कवच. हीच चित्रफीत १९७६ च्या ‘फ्यूचरवर्ल्ड’ या चित्रपटात एका पडद्यावर दिसली, आणि २०११ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत तिला जागा मिळाली.

त्या प्लास्टरच्या हातावर रेघा कुठे मारायच्या, हा कॅटमलपुढचा प्रश्न आज ब्लेंडर शिकणाऱ्या प्रत्येकापुढे असतो. कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ साली एक पद्धत मांडली. चौकोनी तुकड्यांची ओबडधोबड आकृती घ्यायची, प्रत्येक चौकोनाचे चार करायचे, आणि कोपरे आजूबाजूच्या बिंदूंच्या सरासरीनं सरकवत पृष्ठभाग मऊ करत न्यायचा. घनाच्या ६ बाजूंच्या २४ होतात, मग ९६, मग ३८४, आणि घन गोलसर होत जातो. फायदा असा की कलावंतानं थोडेच बिंदू सांभाळायचे; उरलेली गोलाई यंत्र भरून काढतं. पण म्हणूनच ते थोडे बिंदू नेमक्या जागी असावे लागतात. डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती चौकोनांची वर्तुळाकार रांग हवी, कारण तिथले स्नायूही वर्तुळाकारच असतात. कोपर-गुडघ्याशी निदान तीन रांगा हव्यात, नाहीतर वाकताना टोक निघतं. शिल्पासारख्या घडवलेल्या आकृतीत लाखो बिंदू असतात. तिच्यावर काही हजार चौकोनांचं नवं जाळं बसवण्याचं काम किचकट आहे, आणि नवशिक्यांचा कल ते एखाद्या बटणावर सोपवण्याकडे असतो. पहिल्या आकृतीपुरतं तरी ते हातानं करावं. स्नायूंचा अभ्यास केलेल्या चित्रकाराला रांगा कुठून जाव्यात हे कोणत्याही बटणापेक्षा चांगलं कळतं.

आता हाडं.

आकृतीच्या आत हाडांची साखळी बसवायची आणि प्रत्येक बिंदूला सांगायचं की तू कोणत्या हाडामागे किती जायचं. या ‘किती’ला सॉफ्टवेअरमध्ये वेट म्हणतात. ब्लेंडरमध्ये ते ब्रशनं रंगवता येतं: निळा म्हणजे या हाडाशी काही संबंध नाही, लाल म्हणजे पूर्ण याचंच, मधले हिरवे-पिवळे म्हणजे वाटणी. पहिली वाटणी सॉफ्टवेअर स्वतःच करून देतं, आणि ती साधारण बरी असते. सांध्यांशी मात्र ती फसते, आणि का फसते हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पुढच्या हाताच्या कातडीवरचा एक बिंदू घ्या. तो निम्मा पुढच्या हाताच्या हाडाचा आणि निम्मा पंजाच्या हाडाचा आहे. पंजा अर्धा फेरा फिरला. पहिल्या हाडाच्या मते तो बिंदू जिथल्या तिथे राहायला हवा. पंजाच्या मते तो हाताच्या बरोबर विरुद्ध बाजूला जायला हवा. संगणक दोघांचं ऐकतो आणि सरासरी काढतो. या दोन जागांची सरासरी येते हाताच्या अक्षावर, म्हणजे कातडी थेट आत ओढली जाते. पुढचा हात चिमटतो तो यामुळे. गणितात चूक नाही. शरीररचना सांगायची राहिली आहे.

खऱ्या हातात पुढच्या भागात दोन हाडं असतात, आणि तळवा पालथा करताना अंगठ्याच्या बाजूचं हाड दुसऱ्यावरून आडवं जातं. मनगटाशी फिरणं पूर्ण असतं, कोपराकडे जाता जाता ते कमी होत शून्य होतं. हे शरीररचनेच्या पुस्तकातून हात काढून शिकलेल्या कुणालाही ठाऊक असतं. म्हणून पुढच्या हातात एका हाडाऐवजी दोन-तीन हाडं एकामागे एक ठेवायची आणि पीळ त्यांच्यात थोडा थोडा वाटून द्यायचा. ब्लेंडरमध्ये घनफळ राखणारा एक पर्यायही आहे, तोही मदतीला येतो. पण पीळ वाटून दिला की हात हातासारखा दिसतो.

खांद्याचंही तसंच. हात डोक्यावर सरळ नेताना जे सुमारे १८० अंश होतात त्यातले साधारण १२० खांद्याच्या उखळीतून येतात; उरलेले ६० खांद्याचं पातं बरगड्यांवरून सरकून फिरल्यामुळे येतात. पहिल्यांदा हाडं बसवणारा सगळे १८० अंश उखळीकडूनच मागतो आणि काखेची आणि खांद्याची दुर्दशा होते. गळपट्टीसाठी आणि पात्यासाठी एकेक हाड दिलं, आणि हात वर जाताना तेही थोडे उचलले, की खांदा सावरतो. लाइफ ड्रॉइंगच्या वर्गात समोरच्या मॉडेलनं हात वर केला की खांद्याचा उतार बदलतो, हे पाहून काढलेलं असतं. तेच इथे आकड्यांत सांगायचं.

हाडं बसली की त्यांना ओढायला नियंत्रणं लागतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही गोष्ट चटकन समजेल: बाहुलीचा प्रत्येक सांधा सुटा हलवला जात नाही, मोजक्या दोऱ्या हातात असतात आणि कोणत्या दोरीनं काय काय हलावं हे बाहुली बांधतानाच ठरलेलं असतं. रिग बांधणं म्हणजे या दोऱ्या ठरवणं. पाऊल जमिनीवर रोवून ठेवायचं असेल तर पाऊल धरून हलवता यावं, गुडघा आपोआप वाकावा. हात मोकळा झुलवायचा असेल तर खांद्यापासून सुरुवात करून एकेक हाड फिरवता यावं. दोन्ही सोयी एकाच आकृतीत ठेवतात आणि प्रसंगानुसार बदलतात.

हालचालीकडे वळण्याआधी थोडा इतिहास सांगणं भाग आहे, कारण चित्रकारांनी आजवर ही सॉफ्टवेअरं नुसती शिकलेली नाहीत, घडवलीही आहेत. १९६९ साली कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले नेस्टर बर्टनिक यांनी कॅलिफोर्नियातल्या एका परिषदेत डिस्नेच्या एका अॅनिमेटरचं व्याख्यान ऐकलं. मुख्य कलावंत महत्त्वाच्या मुद्रा, म्हणजे की-फ्रेम, काढतो, मधली चित्रं साहाय्यक भरतात, असं त्यात सांगितलं होतं. मधली चित्रं संगणकानं भरली तर? ओटावाला परतून बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी तशी प्रणाली उभारली. ती वापरायला आला हंगेरीत जन्मलेला चित्रकार पीटर फोल्डेस. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी त्यानं १९७४ साली ‘हंगर’ हा लघुपट केला: खा-खा करत फुगत जाणारा एक माणूस आणि शेवटी त्याच्यावर तुटून पडणारी भुकेली माणसं, सगळं रेषांमधून, एका आकारातून दुसऱ्या आकारात वितळत. कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळालं आणि ऑस्करचं नामांकनही. चित्राच्या आत सांगाडा बसवून चित्र हलवण्याची बर्टनिक-वाइन यांची पद्धत १९७६ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे की-फ्रेम चित्रशाळेतून आली आणि सांगाडाही चित्रकाराच्या सोबतीनं काम करतानाच आला.

साहाय्यकाच्या जागी आलेला संगणक मात्र एका बाबतीत कच्चा असतो. दोन मुद्रांमधलं अंतर तो हळू सुरुवात, मध्ये वेग, हळू शेवट अशा एकाच चालीनं भरतो. चेंडू टप्पा घेताना जमिनीशी हळू होत नाही. तो वेगात आदळतो आणि वेगातच उसळतो. सॉफ्टवेअरला आपण होऊन हे कळत नाही, म्हणून नवशिक्याचा चेंडू जमिनीजवळ येऊन तरंगतो आणि नवशिक्याची माणसंही तरंगत चालतात. जॉन लॅसेटर डिस्नेतून हातानं काढलेल्या अॅनिमेशनची शिस्त घेऊन लुकासफिल्मच्या संगणक विभागात गेले तेव्हा त्यांना नेमकं हेच सुधारायचं होतं. १९८६ मध्ये त्याच विभागातून निघालेल्या पिक्सारचा, लॅसेटर यांनी केलेला ‘लक्सो ज्युनियर’ हा लघुपट आला. टेबलावरचे दोन दिवे, एक मोठा, एक छोटा. ना चेहरा, ना हात. ग्राफिक्सचे नामवंत शास्त्रज्ञ जिम ब्लिन लघुपट पाहून प्रश्न विचारायला आले, तेव्हा लॅसेटर यांना वाटलं की आता सावल्यांच्या गणिताबद्दल विचारणार. ब्लिन यांनी विचारलं, मोठा दिवा आई आहे की बाबा? १९८७ च्या सिग्राफ या संगणक-ग्राफिक्सच्या परिषदेत लॅसेटर यांनी डिस्नेच्या कागदी अॅनिमेशनची तत्त्वं संगणकावर कशी लावायची हे सांगणारा निबंध मांडला. जवळजवळ चार दशकं झाली, तरी हालचाल शिकायला बसलेल्यानं पहिल्यांदा वाचावा असा तो निबंध आहे.

या सगळ्यात सर्वांत जास्त शिकवून जाणारी कथा फिल टिपेट यांची. ते बाहुलीला एकेक फ्रेम हलवून चित्रित करणारे स्टॉप-मोशनचे कलावंत. (आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या अशाच हलवल्या होत्या.) स्टॉप-मोशनमध्ये प्रत्येक फ्रेम स्थिर असल्यानं वेगातली अस्पष्टता येत नाही, हालचाल तुटक वाटते. त्यावर तोडगा म्हणून कॅमेऱ्याची झडप उघडी असतानाच मोटरनं बाहुली किंचित हलवायची, अशी गो-मोशन पद्धत टिपेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. १९८१ च्या ‘ड्रॅगनस्लेयर’मध्ये ती दिसते. ‘जुरासिक पार्क’चे डायनोसॉर याच पद्धतीनं करायचं ठरलं होतं. तेवढ्यात इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या दृश्य-परिणामांच्या कंपनीतल्या तरुण तंत्रज्ञांनी संगणकावर चालणारा टी-रेक्स करून दाखवला. तो पाहून टिपेट म्हणाले की आपणच आता नामशेष झालो. दिग्दर्शक स्पीलबर्गनी तो उद्गार थोड्या फरकानं चित्रपटातल्या संवादात वापरला.

पण टिपेट गेले नाहीत, आणि त्यांना जाऊही दिलं नाही. प्राणी वजन कसं पेलतो, वळण्याआधी काय करतो, शिकारी थांबतो तेव्हा अंगातला ताण कुठे राहतो, याची जाण त्यांच्याकडे होती. संगणकवाल्यांकडे ती तेवढी नव्हती. मग टिपेट यांचे सहकारी क्रेग हेझ आणि तंत्रज्ञांनी मिळून एक उपकरण बनवलं. बाहुलीच्या आत असतो तसा धातूचा सांगाडा, आणि प्रत्येक सांध्यात कोन मोजणारे संवेदक. स्टॉप-मोशनचा कलावंत सांगाडा सवयीप्रमाणे हातानं हलवतो, आणि तीच मुद्रा संगणकातल्या डायनोसॉरला मिळते. पावसात रस्त्यावर टी-रेक्सनं केलेला हल्ला आणि स्वयंपाकघरातले रॅप्टर, यांतली काही दृश्यं अशी झाली. अडचणी आल्याच. एकेक फ्रेम पुढे जात काम केलं की जवळपास प्रत्येक फ्रेमवर मुद्रा नोंदली जाते, आणि नंतर एखादी हालचाल थोडी मंद करायची म्हटली तर ढीगभर मुद्रा बदलाव्या लागतात. दुसरीकडे संगणकावरच्या अॅनिमेटरांनी मूकाभिनयाचे वर्ग केले, डायनोसॉरसारखं चालून-पळून पाहिलं. १९९३ साली चित्रपट आला आणि दृश्य-परिणामांच्या ऑस्करमध्ये टिपेट यांचंही नाव होतं. पुढे त्यांच्या स्टुडिओनं संगणकावर काम केलं. शिकणं दोन्ही बाजूंनी झालं तेव्हाच तो टी-रेक्स इतका जड वाटला, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं.

अशी उपकरणं बनवून देणारा स्टुडिओ आज सामान्य शिकणाऱ्याच्या मागे नसतो. पण ब्लेंडर असतं, आणि ही साधी गोष्ट नाही. नेदरलँड्सच्या टोन रोसेंडाल यांनी ते आपल्या स्टुडिओसाठी लिहायला घेतलं. पुढे त्यामागची कंपनी बंद पडली, तेव्हा २००२ साली जगभरच्या वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते मुक्त करून घेतलं. कित्येक वर्षं त्यात वस्तू निवडायला माउसचं उजवं बटण दाबावं लागे, आणि नव्यानं आलेला माणूस तिथेच गांगरायचा. २०१९ च्या २.८ आवृत्तीत ते डावं झालं, मांडणी सुटसुटीत झाली. त्याच सुमारास लॅट्वियातला गिन्ट्स झिलबालोडिस हा तरुण ‘माया’ हे सॉफ्टवेअर सोडून ब्लेंडरकडे आला.

झिलबालोडिसची वाट नवशिक्यानं नीट पाहावी. सुरुवातीला हातानं काढलेले लघुपट. त्यांतल्या २०१२ च्या ‘अॅक्वा’मध्ये पाण्याला घाबरणारं मांजर आहे. मग २०१९ मध्ये ‘अवे’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट, साडेतीन वर्षं एकट्यानं केलेला. मग ‘फ्लो’: पुरात सापडलेलं मांजर, कॅपिबारा, लेमूर, कुत्रा आणि एक उंच पक्षी. एकही संवाद नाही. प्राण्यांच्या अंगावर संवेदक लावून हालचाल उचललेली नाही. खऱ्या प्राण्यांच्या चित्रफिती पाहून अॅनिमेटरांनी ती की-फ्रेमनं घडवली. खर्च सुमारे ३५ लाख युरो, मोठ्या अमेरिकी स्टुडिओच्या तुलनेत फारच थोडा. मार्च २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. त्यातल्या मांजराचा केस न् केस वेगळा नाही. अंगावर रंगवल्यासारखा पोत आहे. पण उडी मारण्याआधी ते मागचे पाय कसे गोळा करतं, घाबरल्यावर पाठ कशी खाली नेतं, हे इतकं अचूक आहे की केसांची आठवणही होत नाही. शिकणाऱ्यांचे महिने केसांत आणि त्वचेच्या रंध्रांत जातात. ते आधी मुद्रेत जायला हवेत.

मराठी वाचकांसाठी एक उपयोगी गोष्ट: आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ब्लेंडरचे पाठ विनामूल्य आहेत. आवृत्ती जुनी असली तर बटणांच्या जागा बदललेल्या सापडतील, पण हाडं, वेट आणि की-फ्रेम यांमागचा विचार तोच आहे.

या आठवड्याचा सराव असा. आकृतीला खुर्चीवर बसवा आणि उठून उभी करा. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबानं ६० ते ७२ फ्रेम पुरतील. चेहरा, केस, कपडे काही नको. आधी स्वतः खुर्चीवरून चार-पाच वेळा उठून पाहा: धड पुढे झुकून शरीराचा भार पावलांवर आल्याशिवाय बूड सुटत नाही. आधी फक्त पाच मुद्रा ठेवा आणि मधली चित्रं भरण्याची सोय बंद ठेवून त्या एकेक करून पाहा. त्या पाचांत वजन दिसलं तरच संगणकाला मधलं भरू द्या, आणि मग प्रत्येक वळणाचा वेग आलेखात जाऊन हातानं दुरुस्त करा. पुढच्या लेखांकात चेहरा घेऊ. पिक्सारच्या १९८८ च्या ‘टिन टॉय’ला ऑस्कर मिळालं, पण त्यातल्या बाळाचा चेहरा करताना सगळ्यांची फार दमछाक झाली, सुरुवात त्या बाळापासून होईल.